पांढरी पाच, किंचित चढी

शंभर वॅटचा पिवळा बल्ब पुण्यात कुठे मिळतो हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, तो माणूस एकतर कोंबड्या पाळतो किंवा जुने ॲम्प्लिफायर उघडतो. मी दुसऱ्या जातीतला. त्यामुळे बल्बसाठी आधी साध्या विजेच्या दुकानांतून यथेच्छ अपमान करून घ्यावा लागला.

"काका, एलईडी न्या. बारा वॅटमध्ये शंभरचा उजेड."

"मला उजेड नकोय."

"मग बल्ब कशाला हवाय?"

आता याचं उत्तर असं, की जुनं यंत्र पहिल्यांदा चालू करताना हा बल्ब त्याच्या वायरीत सिरीजमध्ये जोडायचा असतो. यंत्राच्या पोटात कुठे शॉर्ट असेल तर सगळा भार बल्ब स्वतःवर घेतो आणि लख्ख पेटतो; यंत्र वाचतं. सगळं ठीक असेल तर तो क्षणभर चमकतो आणि मंद होतो. आतल्या तारेचा गुणच तसा: थंड असताना वीज सहज जाऊ देते, तापली की अडवते. एलईडीला ही अक्कल नसते. हे सगळं मी काउंटरवरच्या पोराला समजावून सांगितलं. माझ्या मागे बेलचं बटण घ्यायला आलेल्या गृहस्थांनीही ते निमूटपणे ऐकलं. पोराने क्षणभर विचार केला.

"म्हणजे मशीन बिघडलेलं असेल तर बल्ब लागणार, चांगलं असेल तर नाही लागणार?"

"अगदी बरोबर!"

"मग काका, बल्ब लागला नाही असंच समजून चाला ना."

शेवटी तो मिळाला पोल्ट्रीच्या सामानाच्या दुकानात. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना पहिले काही दिवस ऊब लागते आणि त्या कामात एलईडी नापास आहे. दुकानदाराने व्यवसायाला धरून विचारलं, "किती पिल्लं आहेत?" मी म्हटलं, "दोन. एक डावं, एक उजवं." स्टीरिओवरचा हा विनोद त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. दोन पिल्लांना शंभर वॅट जास्त होतील, भाजून निघतील, असा प्रामाणिक सल्ला मात्र त्याने दिला. तो मी ऐकायला हवा होता.

उभी नोकरी मी विमा कंपनीत आगीचे दावे तपासण्यात घालवली आहे. गोदाम जळो, गिरणी जळो, मिठाईचं दुकान जळो; पंचनाम्यात, फायर ब्रिगेडच्या दाखल्यात आणि मालकाच्या अर्जात कारण एकच लिहिलेलं असायचं: शॉर्ट सर्किट. मी त्याखाली लाल शाईने 'नेमके कुठे? कसे?' असं लिहून फाइल परत पाठवायचो. हे इतकी वर्षं केल्यावर निवृत्तीच्या सुमाराला माझी अशी समजूत झाली की विजेतलं आपल्याला कळतं. दुसऱ्याच्या आगीवर शेरे मारणं निराळं आणि स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग करणं निराळं, हे सांगणारा वरिष्ठ अधिकारी आता घरात उरला नव्हता. म्हणजे होता, पण मी तिचं ऐकत नव्हतो.

ॲम्प्लिफायरचं वेड मात्र जुनं. आमच्या वाड्यातल्या एका बिऱ्हाडाचा मुलगा कुवेतला होता. त्याने आणलेला जपानी सेट त्यांच्या बाहेरच्या खोलीत क्रोशाच्या रुमालाखाली असायचा. चंदेरी तोंडाचा, जड, दोन काटेवाले मीटर, आणि त्यांच्या मागे मंद निळा उजेड. आम्हा पोरांना तो दारातून पाहायची परवानगी होती. गाणं ऐकायला आम्ही जमतच नव्हतो, काटे बघायला जमायचो. बोलणाऱ्या निवेदकाच्या एकेका शब्दाला काटा उडायचा आणि आमचा जीवही.

पुढे वाचन वाढल्यावर कळलं की सत्तरच्या दशकात या कंपन्यांची वॅटवरून तुंबळ मारामारी चालली होती. जाहिरातीत कोणीही काहीही आकडे छापायचं, म्हणून १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला: दोन्ही चॅनेल एकदम चालवून, सतत जेवढी ताकद निघते तेवढीच छापायची. मग खोटं बोलण्याची सोय गेली आणि खरोखरच मोठे ट्रान्सफॉर्मर घालावे लागले. १९७८ मधल्या पायोनियरच्या एसएक्स-१९८० मधून एकेका चॅनेलला २७० वॅट निघत आणि त्याचं वजन पस्तीस किलोच्या घरात होतं. आपल्याकडे असा नियम नसल्याचे परिणाम आपण नव्वदच्या दशकात भोगले. 'दोन हजार वॅट पीएमपीओ' असं खोक्यावर लिहिलेला सेट एका हाताने उचलून रिक्षात टाकता यायचा. त्याचे दोन हजार वॅट जर खरे असते तर घरातली इस्त्री आणि गीझर त्याला वचकून राहिले असते.

तर तसा जड, चंदेरी ॲम्प्लिफायर मला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात दिसला. एका बाजूला घड्याळांचे सांगाडे, दुसऱ्या बाजूला पितळी नळ, मध्ये ताडपत्रीवर हा. कंपनीच्या नावाची पट्टी निघून गेलेली, जागेवर दोन भोकं.

"कुठल्या कंपनीचा?"

"तुम्ही कुठला शोधताय, शेठ?"

"सॅन्सुई."

"सॅन्सुईच आहे."

मी पाठ वळवून पाकीट काढत होतो तेवढ्यात आणखी एकाने 'मरांट्झ आहे का' म्हणून विचारलं आणि त्यालाही होकारच मिळाला. शहाणा माणूस इथे थांबला असता. मी उलट घाईने पैसे दिले, न जाणो तो मरांट्झवाला घेऊन जायचा. साडेचार हजार. "वजन बघा नुसतं," विक्रेता म्हणाला. वजन मी पुढे जिना चढताना पाहिलं.

घरी आल्यावर त्याच्या पाठीवर एक छोटी कळ सापडली: ११०, २२०, २४०. जपानात घरगुती वीज १०० व्होल्टची, म्हणून बाहेर पाठवायच्या सेटना अशी कळ ठेवत. ती कुठे ठेवायची यावर मी एक अख्खा आठवडा दिला. मल्टिमीटर विकत घेतला. दुपारी २२८, संध्याकाळी २३४, रात्री सगळी निजानीज झाल्यावर २४६. मी वहीत तारीखवार नोंदी ठेवल्या, सरासरी काढली, आणि वरचा आकडा धरणं सुरक्षित असं ठरवून कळ २४० वर नेली. रात्री उठून ती पुन्हा बघून आलो. ही म्हणाली, "आपल्या मुलाची पत्रिका बघताना तुम्ही एवढे जागला नव्हतात."

मग झाकण काढलं. आत धूळ, एक वाळकं झुरळ, पालीच्या अंड्यांची टरफलं, आणि या सगळ्यांच्या मधोमध दोन गलेलठ्ठ निळे कंडेन्सर. जुन्या यंत्रात सगळ्यात आधी जातात ते हेच, असं मी वाचलं होतं. ॲल्युमिनिअमच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये ओला कागद, आणि सगळं गुंडाळून डब्यात बंद. वर्षं गेली की तो कागद सुकतो. त्यांचं आयुष्य कंपनी तासांत सांगते, समजा ८५ अंशांना दोन हजार तास. आणि तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे ४५ अंशांना बत्तीस हजार तास. रोज दोन तास गाणी ऐकली तर जवळजवळ चव्वेचाळीस वर्षं. असा सुबक मृत्युदर तक्ता आमच्या आयुर्विम्याच्या भावंडांकडेही नसेल. पण गोम पुढे आहे: कंडेन्सर नुसता बसून राहिला तरी बिघडतो. आतल्या पट्टीवरचा ऑक्साइडचा थर विजेच्या सहवासाने टिकतो, काम थांबलं की विरतो. निवृत्त माणसाने हे वाचू नये.

सामानासाठी बुधवार पेठेत गेलो. तिथली भाषा आत्मसात करायला वेळ लागतो. 'दहा हजार मायक्रोफॅरड, त्रेसष्ट व्होल्ट' असं म्हटलं की दुकानदार नवशिक्या ओळखतात आणि तुम्हाला बाजूला उभं करतात. 'दस हजार तिरसठ, दोन' असं रस्त्यातूनच ओरडायचं. ट्रान्झिस्टरही हवे होते. म्हणजे नको होते, पण आतले जुने दिसत होते. लोखंडी टोपीचे, २एन३०५५; बाजारात 'तीस-पचपन'. हा मूळचा अमेरिकेच्या आरसीए कंपनीचा, साठच्या दशकातला, आणि आपल्याकडे गणपतीतल्या भोंग्यापासून बॅटरी चार्जरपर्यंत सगळीकडे राबलेला. जपानी सेटमध्ये तो काय करत होता, हा प्रश्न एखाद्या दावे तपासणाऱ्याला पडायला हवा होता.

"चायना, ओरिजनल, का एकदम ओरिजनल?" दुकानदाराने विचारलं.

मी मधला घेतला. मध्यमवर्ग.

सोल्डरिंगबद्दल जास्त लिहीत नाही. कंडेन्सरला मात्र उलटसुलट बाजू असते आणि डब्याच्या अंगावरचा पट्टा त्यातलं एक टोक दाखवतो. इतका ठसठशीत पट्टा ओढलाय तो काहीतरी अधिक दाखवायलाच, वजा दाखवायला एवढी शाई कोण खर्च करेल, असा मी विचार केला. तो पट्टा वजाचा असतो.

रविवारी सकाळी पोल्ट्रीचा बल्ब सिरीजमध्ये लावून, हिला बोलावून, मी बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला. माझ्या माहितीप्रमाणे तो क्षणभर चमकून मंद होणार होता. आम्ही दोघं त्या क्षणाची वाट बघत उभे राहिलो. क्षण किती वेळाचा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"उजेड छान पडलाय," ही म्हणाली. "पण गाणं?"

तेवढ्यात बार उडाला. कंडेन्सरने टोपण फेकून दिलं आणि पोटातल्या पट्ट्यांचा आणि ओल्या कागदाचा चिवडा पंख्यापर्यंत उडवला. टेबलक्लॉथला दोन भोकं पडली. शिवाय असा काही वास सुटला की आमच्या संपूर्ण शाकाहारी इमारतीत बोंबील कोणी भाजले याची दबक्या आवाजात चौकशी सुरू झाली, आणि संशयाची सुई आमच्याच दारावर येऊन थांबली. वॉचमन धावत वर आला. त्याने धूर पाहिला, बल्ब पाहिला, माझ्या केसांतले कागद पाहिले.

"साहेब, शॉर्ट सर्किट का?"

आयुष्यात पहिल्यांदा मी 'नेमके कुठे? कसे?' असं विचारलं नाही. हो म्हणालो.

रात्री सवयीने मनात दावा मांडून पाहिला. आगीच्या पॉलिसीत एक कलम असतं: विजेचं उपकरण स्वतःच्याच शॉर्ट सर्किटने जळालं तर त्या उपकरणाची भरपाई नाही, मात्र त्यातून आग पसरून दुसरं काही जळालं तर त्याची आहे. म्हणजे ॲम्प्लिफायर बाद, टेबलक्लॉथ ग्राह्य. टेबलक्लॉथ लग्नात आलेला. घसारा वजा जाता काही रुपये निघाले असते. असल्या कलमावर मी कित्येक लोकांना रडवलंय. ते कलम किती कोरडं आहे हे मला त्या रात्री कळलं, आणि तरीही ते बरोबरच आहे असं माझं मत आहे.

शेवटी मिस्त्रींकडे गेलो. जिन्याखालचं दुकान, एके काळी रेडिओ, मग टीव्ही, आता मिक्सर आणि इंडक्शनच्या शेगड्या. त्यांनी झाकण उघडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि या व्यवसायातला पहिला प्रश्न विचारला.

"याला आधी हात कोणी लावला?"

"बाजारातून असाच आला. कोणीतरी अडाण्याने उघडला असणार."

मिस्त्री बराच वेळ माझे सांधे न्याहाळत राहिले. "अडाणी नाही हो. शिकलेला दिसतोय. अडाणी माणूस पट्टा बघून लावतो, हा विचार करून लावलाय."

मी गप्प.

"आणि जपानी म्हणून घेतलात का?"

"सॅन्सुई," मी क्षीणपणे म्हणालो. "किंवा मरांट्झ."

"आपलंच आहे हे. ऐंशी-ब्याऐंशीच्या आसपास असे खूप बनायचे. पुढचं तोंड फॉरेनसारखं घडवायचं, आत तीस-पचपन. गुंडाळी बघा, हाताची आहे." त्यांनी ट्रान्सफॉर्मरवर टिचकी मारली. "पण झकास केलीय. तांब्यात कंजुषी नाही. म्हणून तर वजन."

"पण मागे व्होल्टेजची कळ आहे!"

मिस्त्रींनी यंत्र फिरवून आतून कळ दाखवली. तिच्या पाठीला एकही वायर नव्हती. शोभेची होती ती. ११० वर ठेवा, २४० वर ठेवा, नाहीतर मध्ये ठेवा. माझी सरासरी, माझी वही, रात्रीचे २४६ हे सगळं एका न जोडलेल्या कळीसाठी. अपमानापेक्षा मला त्या अनाम कारागिराचं कौतुकच जास्त वाटलं. गिऱ्हाइकाला काळजी करायला काहीतरी हवं असतं, हे त्याने ओळखलं होतं.

मिस्त्रींनी माझं सगळं उपसलं आणि पुन्हा लावलं. माझे मधले ओरिजनल ट्रान्झिस्टर काढून जुनेच तीस-पचपन परत बसवले, "हे अजून आपल्याला पुरून उरतील" म्हणून. ट्रान्झिस्टर आणि हीट सिंक यांच्यामध्ये अभ्रकाची चकती लागते, कारण त्याच्या लोखंडी टोपीतही वीज असते. ती चकती मी कचरा समजून पुसून काढली होती. तिच्याबद्दल ते काही बोलले नाहीत. खिशातून नवी काढून घातली.

यंत्र वाजलं. डावं वाजलं, उजवं वाजलं, काटे उडाले. आणि या सगळ्याच्या मागे एक घुंग होती. गाणं थांबलं तरी घुंग चालूच.

ही घुंग काय आहे याचं निदान आमच्या भिंतीपलीकडच्या काकूंनी केलं. त्या सकाळी मुलांना गाणं शिकवतात आणि आमचे स्पीकर नेमके त्यांच्या भिंतीला लागून. जड सुरांना भिंत अडवत नाही. दुसऱ्या दिवशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुमचं ते यंत्र पांढरी पाच धरून बसलंय. किंचित चढी. आणि खाली खर्जातही तोच सूर आहे."

मी मोबाइलवर हिशेब केला आणि चाट पडलो. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. ती यंत्रात सरळ करताना त्याचे शंभर होतात. शंभर हर्ट्झ म्हणजे पांढरी पाचच्या पट्टीपेक्षा थोडासा वर. पन्नास म्हणजे तोच सूर एक सप्तक खाली. २०१३ च्या शेवटच्या दिवशी दक्षिणेची वीजजाळी बाकी देशाला जोडली गेली, तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत प्रत्येक नादुरुस्त ॲम्प्लिफायर एकाच सुरात घुमतो. अमेरिकेत हेलकावे साठ, म्हणून घुंग एकशेवीसची. ती काळी पाच आणि पांढरी सात यांच्या अगदी मधोमध पडते. जपानात तर गंमतच. टोकियोने सुरुवातीला जर्मन यंत्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन, म्हणून आजही एका शहरात पन्नास आणि दुसऱ्यात साठ. ॲम्प्लिफायर आगगाडीत घालून नेला तर वाटेत पट्टी बदलेल. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या अमेरिकेबद्दल मनापासून हळहळल्या. "मग तिकडे पेटीवर काय धरायचं हो त्या बायकांनी?"

मिस्त्रींना फोन करून म्हटलं, घुंग दोन सप्तकांत आहे. ते म्हणाले, "असं कोणी सांगितलं? बरोबर आहे. वरची फिल्टरची, ती मी बघतो. खालची अर्थची. रेकॉर्ड प्लेअरमधून एक बारीक हिरवी वायर सुटी लोंबत असेल, ती मागच्या स्क्रूला आवळा." खरंच लोंबत होती. मी ती कापून टाकायच्या बेतात होतो.

स्क्रू आवळला, खर्ज गेला. मिस्त्रींनी येऊन एक कंडेन्सर वाढवला, वरचाही गेला. घर शांत. एचएमव्हीच्या जुन्या तबकड्या धुऊन पुसून लावल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला मी 'हा मी रिस्टोअर केला' असं सांगतो आणि त्या वेळी ही चहा टाकायला आत जाते. तिथून ती काय पुटपुटते ते गाण्यामुळे ऐकू येत नाही, हा ॲम्प्लिफायरचा मोठाच फायदा.

काकूच परत आल्या. सकाळच्या पोरांचं बिघडलंय म्हणाल्या. इतके दिवस भिंतीतून आयता आधार मिळत होता, तो गेल्यापासून षड्ज लागेना.

"काकू, फोनवर तानपुऱ्याचं ॲप मिळतं."

"आहे हो माझ्याकडे. पण त्याची पांढरी पाच अगदी पांढरी पाच असते. पोरांना तुमच्या चढ्याची सवय झालीये."

मिस्त्रींना विचारलं तर त्यांनी पैसे घ्यायला नकार दिला. "हिरवी वायर सोडून ठेवा, काम होईल." तेव्हा आता रोज सात वाजता मी ॲम्प्लिफायर चालू करतो, मागचा स्क्रू सैल करून वायर बाहेर काढतो आणि क्लास सुटला की परत आवळतो. त्या यंत्रात संपूर्णपणे माझ्या हातचं असं एवढं एकच काम आहे, आणि त्याबद्दल अजून एकही तक्रार आलेली नाही.